दारातली सदाफुली आणि साखरेची गोळी

अभ्यास पाठ : आरोग्य

(हा पाठ मासिक बैठकीत एकीनं मोठ्यानं वाचावा. मध्ये थांबून बोलायला हरकत नाही. शेवटी चर्चेचे प्रश्न दिले आहेत.)



या वेळचा पाठ माझ्या एका चुकीवरून सुरू होतो. ती आधी सांगते, मग पुढचं.

जूनमध्ये आपल्या गंगाखेड तालुक्यातल्या एका गावात गटाची बैठक होती. हजेरी झाली, बचत झाली, कर्जाची परतफेड वहीत लिहून झाली. चहा येईपर्यंत गप्पा चालल्या होत्या. तेव्हा एक काकू म्हणाल्या, "पोरी, मी साखरेची गोळी सोडली बघ. रोज सकाळी सदाफुलीची सात पानं वाटून रस घ्यायलेय. लई हलकं वाटायलंय."

लगेच चारजणींनी विचारलं, पांढऱ्या फुलाची का गुलाबी? कोवळी पानं का जून? उपाशीपोटी का जेवून? एक ताई म्हणाल्या, "आपल्या गटानं ह्याचं चूर्ण करून विकलं तर? साखर तर आता घरोघरी आहे." सगळ्या हसल्या, पण कल्पना सगळ्यांना पटली. मलाही पटली. मी माझ्या वहीत लिहून घेतलं : 'नवीन उद्योग – सदाफुली चूर्ण'. खाली दोन रेघा ओढल्या.

काकूंनी गोळी का सोडली, साखर परत कधी तपासली, हे मी विचारलं नाही.

पोळ्याच्या आसपास काकूंच्या पायाच्या अंगठ्याजवळ बाभळीचा काटा घुसला. काटा निघाला, पण जखम भरेना. हळद लावली, तेल लावलं. पंधरा दिवसांनी पाय सुजला, तेव्हा आशाताईंनी बोटातून रक्त घेऊन तपासलं. उपाशीपोटी साखर तीनशेच्या वर. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, अजून आठ दिवस उशीर झाला असता तर अंगठा काढावा लागला असता.

मी भेटायला गेले. काकू रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "तुझ्यासमोरच सांगितलं होतं की माय. तू काय बोलली न्हाईस, मला वाटलं बरोबर असंल."

त्या रात्री मला झोप आली नाही. मी समाजकार्य शिकले आहे, वैद्यकीय शिकलेले नाही. पण प्रश्न विचारायला डॉक्टर असावं लागत नाही. म्हणून मी सदाफुलीबद्दल वाचलं, जाणकारांना विचारलं. जे कळलं ते सगळं तुमच्यासमोर मांडते.

सदाफुली आली कुठून?

सदाफुली आपल्या इतकी ओळखीची आहे की ती इथलीच वाटते. तुळशीजवळ, विहिरीच्या कडेला, शाळेच्या कुंपणाला, कुठंही उगवते. पाणी नको, खत नको, बारा महिने फुलं. पण तिचं मूळ गाव आफ्रिकेजवळचं मादागास्कर बेट. शोभेचं झाड म्हणून ती जगभर गेली आणि आपल्याकडेही आली. शास्त्रीय नाव कॅथरॅन्थस रोझियस.

एक गोष्ट तुमच्यापैकी प्रत्येकीनं पाहिली असेल. शेळी सुटली तर ती मेथी खाते, गुलाब खाते, लिंबाचा पालासुद्धा ओरबाडते. पण सदाफुलीला सहसा तोंड लावत नाही. कारण पान कडूजहर आहे. त्या कडूपणात अल्कलॉइड नावाचे घटक आहेत. सदाफुलीत असे शंभराहून जास्त वेगवेगळे घटक सापडले आहेत. त्यातले काही अंगावर जोरात परिणाम करतात. चांगलाही करतात आणि वाईटही. म्हणजे सदाफुलीत औषध आहे ही गोष्ट खरी आहे. पण कशाचं औषध?

पाकिटातली पंचवीस पानं

साखरेवर सदाफुली घ्यायची ही रीत फक्त आपल्याकडची नाही. जमैका बेटावरचे लोक तिच्या पानांचा चहा करून पीत होते. फिलिपिन्समध्येही मधुमेहासाठी ती वापरत. एकमेकांना कधीही न भेटलेले लोक एकाच झाडाबद्दल एकच गोष्ट सांगतात, तेव्हा ती तपासून पाहावी असं शास्त्रज्ञांनाही वाटलं.

१९५२ मध्ये कॅनडातल्या डॉ. क्लार्क नोबल यांच्याकडे जमैकाहून एक पाकीट आलं. आत सदाफुलीची २५ पानं होती. त्यांनी ती आपल्या भावाकडे पाठवली. भाऊ डॉ. रॉबर्ट नोबल वेस्टर्न ओंटारियो विद्यापीठात संशोधन करत होते.

त्यांनी पानांचा अर्क काढून उंदरांना तोंडावाटे दिला. साखर उतरलेली दिसली नाही. मग अर्क सुईनं टोचून पाहिला. तरी साखरेवर काही विशेष परिणाम नाही. पण उंदीर आजारी पडून मरू लागले. आपण म्हटलं असतं, विषारी आहे, सोडा. त्यांनी मात्र उंदीर का मेले ते शोधलं. तेव्हा दिसलं, की उंदरांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी एकदम कमी झाल्या होत्या. पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराची राखण करणारे शिपाई. शिपाईच नाहीत म्हटल्यावर साध्या जंतूंनीही उंदीर मेले.

इथंच त्यांना नवी गोष्ट सुचली. रक्ताच्या कर्करोगात पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात. जो घटक पांढऱ्या पेशी कमी करतो, तो या आजारात कामी येईल का? रसायनशास्त्रज्ञ चार्ल्स बीअर यांनी तो घटक पानातून वेगळा काढला. १९५८ मध्ये त्यांनी तो जगापुढे मांडला. त्याला आज व्हिनब्लास्टिन म्हणतात.

त्याच काळात अमेरिकेत इलाय लिली या कंपनीत गॉर्डन स्वोबोडा हेही सदाफुली तपासत होते. त्यांनीही मधुमेहाचा दावा ऐकला होता. कर्करोग झालेल्या उंदरांना अर्क दिल्यावर ते जास्त दिवस जगले. त्यातून दुसरा घटक हाती आला, व्हिनक्रिस्टिन. १९६३ मध्ये अमेरिकेत त्याला औषध म्हणून मान्यता मिळाली.

ताईंनो, याचा अर्थ समजून घ्या. त्या काळापर्यंत लहान लेकरांना रक्ताचा कर्करोग झाला, की बहुतेक लेकरं काही महिन्यांत जात. आज व्हिनक्रिस्टिन आणि इतर औषधं मिळून पूर्ण उपचार चांगल्या ठिकाणी मिळाले, तर दहातली आठ-नऊ लेकरं बरी होऊ शकतात. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात लेकरांवर असे उपचार होतात, त्यातही हे औषध असतं.

आपल्या महाराष्ट्राचाही यात वाटा आहे. मुंबईच्या सिप्ला कंपनीनं पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या साथीनं १९८४ मध्ये ही दोन्ही औषधं देशातच तयार करण्याची पद्धत विकसित केली. आपल्या दारातलं फूल, आणि त्यातून औषध काढणारी माणसं पुण्या-मुंबईची.

मग आपली आजी चुकली होती का?

बैठकीत हा प्रश्न कुणीतरी विचारणारच. मी म्हणेन, आजीनं झाड बरोबर ओळखलं. या झाडात ताकद आहे, हे तिला कळलं होतं. लोकांनी सांगितलं नसतं तर ती २५ पानं कुणी पाठवलीच नसती. पण ताकद कशावर चालते, किती घ्यायची, कुठं धोका आहे, हे तपासल्याशिवाय कळलं नाही.

पुढं आपल्या देशातही उंदीर आणि सशांवर प्रयोग झाले. काही प्रयोगांत सदाफुलीच्या पानांच्या रसानं साखर उतरलेली दिसली. म्हणजे दावा अगदीच पोकळ आहे, असंही म्हणता येत नाही. पण उंदीर-ससे आणि माणूस यांच्यामध्ये मोठी वाट आहे. ती वाट पुरी करून, माणसांवरच्या मोठ्या चाचण्यांतून सदाफुली हे मधुमेहाचं औषध म्हणून सिद्ध झालेली नाही.

काकूंच्या पायाची जखम सदाफुलीनं चिघळली, असं मी म्हणणार नाही. ते कुणी तपासलेलं नाही. गोळी बंद झाली, साखर वाढत गेली, आणि वाढलेल्या साखरेत जखम भरत नाही. एवढं मात्र डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

अर्क काढतात कसा, तपासतात कसा?

'अर्क' म्हटलं की फार मोठं काही वाटतं. पण अर्क आपण रोज काढतो. चहा म्हणजे पाण्यात काढलेला अर्क. माक्याचं तेल म्हणजे तेलात काढलेला अर्क. हळद पाण्यात टाकली तर तळाशी बसते, पण फोडणीच्या तेलात पडली की रंग लगेच सुटतो. म्हणजे झाडातली कोणती गोष्ट बाहेर येणार, हे कशात भिजवलं त्यावर ठरतं. त्यामुळे 'सदाफुलीचा अर्क' एवढं म्हणून भागत नाही. पान, मूळ की फूल? पाण्यात की अल्कोहोलमध्ये? किती पानाला किती पाणी? हे बदललं की हातात येणारी वस्तूच बदलते.

तपासणीचे टप्पे साधारण असे असतात.

पहिला टप्पा, झाडाची ओळख. एकाच नावाची दोन झाडं असतात आणि एका झाडाची चार नावं. म्हणून जाणकाराकडून झाड ओळखून घेतात आणि त्याचा वाळवलेला नमुना जपून ठेवतात.

दुसरा टप्पा, अर्क काढून त्यातले घटक वेगळे करणं. धान्य पाखडून, निवडून, चाळून घेतो तसंच, फक्त फार बारीक. सुमारे ५०० किलो वाळलेली पानं घेतली, तर त्यातून व्हिनब्लास्टिन निघतं जेमतेम १ ग्रॅम.

तिसरा टप्पा, काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवर आणि मग प्राण्यांवर प्रयोग. इथं किती मात्रा चालते आणि किती मात्रेला विष होतं, ते पाहतात.

चौथा टप्पा, माणसं. आधी थोड्या माणसांवर, फक्त सुरक्षित आहे का हे पाहायला. मग जास्त माणसांवर, गुण येतो का ते पाहायला. मग शेकडो-हजारो माणसांवर, आत्ताच्या औषधापेक्षा बरं आहे का हे पाहायला.

या शेवटच्या टप्प्यातली एक गोष्ट शेतकरी बाईला लगेच कळते. नवीन खत चांगलं आहे का, हे कसं बघाल? सगळ्या रानात टाकलं आणि पीक चांगलं आलं, तर ते खतानं आलं का पावसानं, हे सांगता येत नाही. म्हणून दोन सारखे वाफे करायचे. बियाणं एक, पाणी एक. एकात खत टाकायचं, दुसऱ्यात नाही. मग फरक दिसतो. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात वाण तपासतात तेही असंच, शेजारी शेजारी वाफे लावून. औषधाच्या चाचणीतही दोन गट असतात. एका गटाला नवीन औषध, दुसऱ्या गटाला जुनं औषध किंवा तशीच दिसणारी साधी गोळी. बऱ्याचदा कुणाला काय मिळालं हे रुग्णालाही माहीत नसतं आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही नसतं. कारण मनाला बरं वाटणं आणि साखर उतरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

काकूंना 'हलकं' वाटत होतं, ते खोटं नव्हतं. पेरणीची धावपळ सुरू होती, जेवण कमी झालं होतं, चालणं वाढलं होतं. हलकं कशानं वाटलं, हे त्यांच्या दुसऱ्या वाफ्याशिवाय कळणार कसं?

एक हक्काची गोष्टही लक्षात ठेवा. कुणी गावात येऊन 'नवीन औषध फुकट देतो, घेऊन बघा' म्हणालं, तर तसं करता येत नाही. आपल्या देशात नवीन औषधाची माणसांवर चाचणी करायला सरकारी परवानगी लागते आणि नीतिमत्ता समितीची मंजुरी लागते. तुम्हाला समजेल अशा भाषेत सगळं सांगून लेखी संमती घ्यावी लागते. मध्येच सोडून द्यायचा हक्क तुम्हाला असतो. २०१९ च्या नियमांत हे सगळं आहे. अंगठा किंवा सही करण्याआधी कागद वाचून घ्या.

साखरेच्या गोळीचं माहेर

हे वाचलं तेव्हा मला सगळ्यात जास्त नवल वाटलं. काकूंनी जी गोळी सोडली होती, तिचं नाव मेटफॉर्मिन. साखरेच्या बहुतेक पेशंटना सुरुवातीला हीच गोळी देतात. ही गोळी कुठून आली ठाऊक आहे? तीही एका फुलझाडापासून सुरू झाली.

युरोपात गॅलेगा नावाचं जांभळ्या फुलांचं झाड आहे. बागेतही लावतात. पूर्वी तिकडं खूप तहान लागणे, सारखी लघवीला होणे या तक्रारींवर ते देत. म्हणजे मधुमेहाचीच लक्षणं. शास्त्रज्ञांनी तपासलं, तेव्हा त्यात साखर उतरवणारा घटक खरंच सापडला. पण तो जास्त झाला की विषारी ठरत होता. हे झाड खाऊन जनावरं दगावत. मग त्या घटकासारखाच, पण माणसाला झेपेल असा पदार्थ प्रयोगशाळेत १९२२ मध्ये बनवला गेला. पुढं फ्रान्सचे डॉ. ज्याँ स्टर्न यांनी १९५७ मध्ये मधुमेहाच्या रुग्णांवर वापरून त्याचे निष्कर्ष मांडले. तेच मेटफॉर्मिन.

म्हणजे काकूंनी पाला घेतला आणि गोळी सोडली, तेव्हा खरं तर त्यांनी एका झाडाचं तपासून, मोजून, विष बाजूला काढून दिलेलं औषध सोडलं. आणि दुसऱ्या झाडाचं न तपासलेलं, न मोजलेलं पान घेतलं. मी हे त्यांना सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे गोळी पण पाल्याचीच लेक की."

मला हे वाक्य फार आवडलं. इतकं सोपं करून मला सांगता आलं नसतं.

पान फुकट, पण माप कुठं?

झाडाची मिरची एकाच रानातली असली, तरी एक तोड तिखट निघते आणि दुसरी फिकी. पाऊस, ऊन, माती, पानाचं वय, सगळ्यानं फरक पडतो. सदाफुलीच्या सात पानांत आज जेवढा घटक आहे, तेवढा उद्या असेलच असं नाही. गोळीत मात्र रोज सारखाच असतो.

आणि हेच झाड दुसऱ्या बाजूनंही धोका करू शकतं. समजा पानानं साखर खरंच उतरली आणि वरून गोळीही चालू आहे. मग साखर फार खाली जाईल. ७० च्या खाली साखर गेली, की घाम सुटतो, हात थरथरतात, चक्कर येते. एकटी बाई रानात असेल तर जिवावर बेततं. पोटुशी बाई, अंगावर पाजणारी आई आणि लहान लेकरं यांना तर हा पाला मुळीच देऊ नका.

सदाफुलीचीच नाही, दारातल्या बाकी फुलांचीही हीच गोष्ट आहे. कण्हेर देवाला चालते, पण पोटात गेली तर हृदयाचे ठोके बिघडवते. तांबडी असो, पांढरी असो की पिवळी, पान, फूल, बी, सगळंच विषारी. केरळमध्ये मे २०२४ मध्ये मोठ्या देवस्थान मंडळांनी नैवेद्यात कण्हेरीची फुलं वापरणं बंद केलं. कण्हेर खाल्ल्यामुळे एका तरुण मुलीचा जीव गेल्याची बातमी तेव्हा आली होती. 'झाडाचं आहे, म्हणजे अपाय नाही' हे वाक्य आपल्या गटातून कायमचं काढून टाकू या.

पाला, चूर्ण किंवा काढा घ्यायच्या आधी चार प्रश्न

१. हे नक्की कोणतं झाड आहे आणि त्याचा कोणता भाग?

२. हे माणसांवर तपासलं आहे का? 'अमकीला गुण आला' ही तपासणी होत नाही.

३. माप किती? जास्त झालं तर काय होतं? हे सांगणाऱ्याला माहीत नसेल तर घेऊ नका.

४. माझ्या चालू गोळ्यांबरोबर हे चालेल का? हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करू नका, कमीही करू नका. घरचा उपाय करत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका. रागावले तर रागावू द्या.

आणि आपलं चूर्ण?

माझ्या वहीतल्या त्या दोन रेघा मी खोडल्या. का, ते सगळ्यांना कळलं पाहिजे.

औषध म्हणून काहीही बनवून विकायचं असेल तर परवाना लागतो. आयुर्वेदिक औषधालाही अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो. पापड-लोणच्याची नोंदणी त्याला चालत नाही. शिवाय 'मधुमेह बरा होतो', 'कर्करोग बरा होतो' अशी जाहिरात करणं १९५४ च्या कायद्यानं गुन्हा आहे. पाकिटावर छापलं तरी तीच गोष्ट. बाजारात अशी पाकिटं दिसतात म्हणून ती कायदेशीर आहेत असं समजू नका.

आणि कायदा बाजूला ठेवला तरी, आपल्या चूर्णाच्या भरवशावर दुसऱ्या गावातल्या एखाद्या मावशीनं गोळी सोडली तर? नफा वहीत लिहिता येईल, तिचा पाय कुठल्या रकान्यात लिहायचा?

सदाफुलीवर पैसा कमवायचाच असेल तर रोपवाटिका करा. शोभेच्या रोपांना मागणी असते, आणि सदाफुलीचं रोप बियापासून सहज होतं. पानं आणि मुळं औषध कंपन्या घेतात, हेही खरं आहे. लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेनं त्यासाठी 'निर्मल' आणि 'धवल' असे सदाफुलीचे वाणही दिले आहेत. पण घेणारा कोण, भाव काय, हे लेखी ठरल्याशिवाय एक गुंठाही लावू नका. 'लावा, आम्ही विकत घेऊ' असं तोंडी सांगून रोपं विकणारे आपण बरेच पाहिलेत.

काकूंचं पुढं काय झालं?

अंगठा वाचला. जखम भरायला दीड महिना लागला. गोळ्या परत सुरू झाल्या.

मग मी जे जूनमध्ये विचारायला हवं होतं ते विचारलं. "काकू, गोळी सोडली कशाला होती?" त्या म्हणाल्या, "गोळी आणायला गंगाखेडला यायचं म्हणजे जाण्या-येण्याचं भाडं, दिवसभराची रांग आणि रोज बुडतो तो वेगळाच. पाला दारातच होता."

पाल्यावर त्यांचा फार विश्वास होता असं नाही. गोळी लांब होती, पाला जवळ होता. हे कळल्यावर मला माझीच लाज वाटली. कारण ही अडचण सोडवण्यासारखी होती, आणि सोडवायला गटच बरा होता.

पुढच्या बैठकीत गटानं ठरवलं ते असं. गावात साखर आणि बीपीच्या गोळ्या चालू असलेल्या सगळ्या बायकांची यादी केली. आशाताईंशी बोलून, उपकेंद्रात गोळ्या कधी मिळतात ते फळ्यावर लिहिलं. तिथं मिळाल्या नाहीत तर महिन्यातून एकदा दोघीजणी सगळ्यांची कार्डं घेऊन तालुक्याला जातात, भाडं गटाच्या सामाजिक निधीतून. तीन महिन्यांतून एकदा मात्र जिची तिनं स्वतः जायचं, कारण तपासणी दुसऱ्याच्या हातानं होत नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत, हे बऱ्याच जणींना माहीतच नव्हतं.

आता बैठकीत बचतीआधी एक प्रश्न विचारतात, "गोळी संपली का कुणाची?" हा प्रश्न काकूंनीच सुरू केला.

सदाफुली त्यांच्या दारात अजून आहे. फुलं देवाला जातात. पानं कुणी तोडायला आलं, तर काकू त्याला बसवून घेतात आणि ही सगळी गोष्ट सांगतात, पाकिटातल्या पंचवीस पानांपासून. त्या गोष्टीत मीही आहे, काही न बोललेली मॅडम म्हणून. सांगू द्या. तेही खरंच आहे.

गटात चर्चा करा

१. आपल्या गटात तीस वर्षांच्या पुढच्या किती जणींनी गेल्या वर्षभरात साखर तपासली? उपकेंद्रात ही तपासणी मोफत होते. (उपाशीपोटी साखर १२६ किंवा जास्त आली तर डॉक्टरांकडे जाऊन परत तपासून घ्या.)

२. कुणी डॉक्टरांना न सांगता गोळी सोडली आहे का? का सोडली? पैसे, वेळ, त्रास, की कुणी सांगितलं म्हणून? तिला बोलू द्या, मध्ये टोकू नका.

३. आपल्या घरात चालणारे तीन झाडपाल्याचे उपाय सांगा. प्रत्येकाला वरचे चार प्रश्न लावून बघा. किती प्रश्नांची उत्तरं मिळाली?

४. दारात कण्हेर असेल तर लहान लेकरांच्या हाताला येईल अशा जागी आहे का?

पुढच्या महिन्यापर्यंतचं काम

गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या आजीकडं जाऊन तिला माहीत असलेल्या पाच औषधी झाडांची नावं, वापर आणि 'कुणाला देऊ नये' ही माहिती वहीत लिहून आणा. पहिल्या दोन गोष्टी सगळ्याच सांगतात. तिसरी मुद्दाम विचारा. जुन्या जाणत्या बायकांना ती बहुतेक वेळा माहीत असते, आपणच विचारत नाही.

तुमचीच,
क्षेत्र समन्वयक, गंगाखेड